पावसाची बाटली: पहिली-दुसरीच्या मुलांच्या हातून पाऊस मोजून घ्यायचा तर

जुलैत कोकणातल्या बऱ्याच शाळांच्या व्हरांड्याशी एक कापलेली बाटली उभी दिसते. वर्गात फळ्यावर ‘आजचा पाऊस’ म्हणून एक आकडा असतो आणि मुलांच्या वहीत तोच आकडा उतरलेला असतो. बाटली गुरुजींनी कापलेली, पाणी बाईंनी मोजलेलं, आकडा बाईंनीच लिहिलेला. मुलांच्या वाट्याला काय आलं? शुद्धलेखन.

माझ्या पहिल्या वर्षी मीही हेच केलं. त्यात भर म्हणजे मुलं भिजू नयेत म्हणून बाटली कौलांच्या कडेखाली ठेवली. रात्री नुसती भुरभुर झाली आणि सकाळी बाटली काठोकाठ. मी आकडा फळ्यावर लिहीत होते, तेवढ्यात दुसरीतली एक मुलगी म्हणाली, “बाई, ता पागोळ्यांचा पाणी आसा!” तिला जे दिसत होतं ते मला दिसलं नव्हतं.

हा प्रकल्प फसतो तो तीन ठिकाणी: बाटलीत, जागेत आणि क्रमात. बाटली आणि जागा एका संध्याकाळी सुधारता येते. क्रम मात्र शिक्षकाच्या सवयीचा भाग असल्यामुळे पुन्हा पुन्हा चुकतो. म्हणून खाली सगळं ज्या क्रमाने करायचं त्याच क्रमाने दिलं आहे. एखादी पायरी गाळायची झाली तर शेवटची गाळा, मधली गाळू नका.

हे सगळं पहिली-दुसरीसाठी आहे. दोन शिक्षकी शाळेत पहिली ते तिसरी एकत्र बसत असेल तरी चालतं, उलट सोपं जातं. रोजची साधारण वीस मिनिटं आणि एकूण तीन आठवडे धरा.

१. आधी ठरवा: यातून काय हवं आहे

तीनच गोष्टी हव्या आहेत. कमी-जास्त अशी तुलना करता येणं, लांबी मोजता येणं आणि भिंतीवरचा आलेख वाचून त्याबद्दल बोलता येणं. बस.

जलचक्र यात आणू नका. बाष्पीभवन, सांद्रीभवन हे शब्द सहा वर्षांच्या मुलाला पाठ होतात, पण बाटलीतल्या पाण्याशी त्यांचा सांधा जुळत नाही. ‘पाणी वाचवा’चं घोषवाक्यही नको. एका प्रकल्पात सगळे विषय कोंबायचा मोह आपल्याला होतो, कारण टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आखणीत, ते भारदस्त दिसतं.

वेळ कुठली? शाळा जूनच्या मध्याला उघडते. पहिले आठ-दहा दिवस पटनोंदणी, पुस्तकं आणि पहिलीतल्या रडणाऱ्या मुलांना सांभाळण्यात जातात. जूनचा शेवटचा किंवा जुलैचा पहिला आठवडा धरून सुरुवात करा. कोकणात सर्वात जास्त पाऊस जुलैत पडतो, त्यामुळे पट्ट्या (रोजच्या पाण्याच्या उंचीएवढ्या कापलेल्या कागदाच्या) लांब आणि एकमेकींपेक्षा वेगळ्या मिळतात. गणपतीच्या सुट्टीत प्रकल्प अर्धवट लोंबकळला तर तो पुन्हा सुरू होत नाही, हे अनुभवाचे बोल आहेत. त्याआधी संपवा.

२. सामान जमवणं

चार मुलांमागे एक बाटली, म्हणजे सोळा मुलांच्या वर्गाला चार.

व्हॉट्सॲपच्या पालकगटावर ‘उद्या बाटली आणा’ असं लिहू नका. सोळा आकारांच्या सोळा बाटल्या येतील आणि त्यातल्या दोन-तीन तर घरच्या मोठ्यांनी टिकल्या चिकटवून, रंगवून ‘तयार’ करून पाठवलेल्या असतील. त्यापेक्षा जवळच्या खानावळीत किंवा पर्यटकांची सोय करणाऱ्या घरी सांगून ठेवा. एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या दोन लिटरच्या बाटल्या तिथे सहज मिळतात.

बाटलीच्या भिंती सरळ हव्यात. मध्ये कंबर असलेली, खोल वळ्या असलेली बाटली चालणार नाही. कंबरेशी पाणी भराभर चढतं आणि पोटाशी हळू, मग रोजच्या पट्ट्यांची तुलना खोटी ठरते. सरळ भाग निदान एक वीत लांब असावा.

बाकी यादी छोटी आहे: जुन्या कॅलेंडरची पानं, बोथट टोकाच्या कात्र्या, शिसपेन्सिली, डिंक, चिकटपट्टी, सुतळी, खराट्याचे वीस-पंचवीस हीर आणि गवंड्याकडून ओंजळभर सिमेंट-वाळू.

सावधान: भात शिजवून केलेली खळ वापरू नका. पावसाळ्यात तिला दोन दिवसांत बुरशी येते आणि झुरळं आलेख खातात. माझा एक आलेख असाच गेला आहे.

३. बाटली तयार करणं (हे काम मोठ्यांचं)

बाटलीचा तळ खाली सपाट नसतो, त्याला पाच पाकळ्या असतात. पट्टी तळापासून धरली तर पहिलं बोटभर पाणी चुकीचं मोजलं जातं. यावर बहुतेक ठिकाणी खडे घालून शून्याच्या रेघेपर्यंत पाणी भरायला सांगतात. ते शास्त्राला धरून आहे, पण सहा वर्षांच्या मुलाने पाणी ओतलं की त्यासोबत खडेही बाहेर येतात. त्यात आपल्या अंगणातले खडे असतात जांभ्याचे. जांभा पाणी पितो आणि पाणी तांबडं करतो.

म्हणून सिमेंट बरं.

(अ) बाटलीच्या खांद्याखाली, जिथून भिंत सरळ होते तिथे गोल कापा. वरचा तुकडा फेकू नका.

(आ) तळाच्या पाकळ्या बुजून सरळ भिंत सुरू होईल इतका सिमेंट-वाळूचा माल आत घाला आणि बाटली सपाट जागी हलकेच आपटा, म्हणजे माल समपातळीत येतो. ओलं सिमेंट कातडीला चावतं, मुलांना हात लावू देऊ नका. रात्रभर वाळवा. दुसऱ्या दिवशी आत पाणी घालून दिवसभर ठेवा आणि ओतून टाका. कोरडं सिमेंट पहिल्या पावसाचं थोडं पाणी शोषतं, ती भूक आधीच भागवायची. वजन आल्यामुळे बाटली वाऱ्याने पडतही नाही.

(इ) सिमेंटच्या वरच्या पातळीला बाहेरून चिकटपट्टीची रेघ मारा. हे शून्य.

(ई) कापलेल्या कडांना चिकटपट्टी लावा. ती कड ब्लेडसारखी असते.

(उ) वरचा तुकडा उलटा करून नरसाळ्यासारखा बसवा. बूच काढलेलं आहे ना, ते बघा. हसू नका, चारातल्या एका बाटलीला बूच राहतंच. नरसाळं दोन ठिकाणीच चिकटवा, गोलभर नाही. आतली हवा बाहेर पडायला फट लागते आणि मोजताना ते काढावंही लागतं.

तपासणी: नरसाळ्याचं तोंड आणि बाटलीचं पोट सारख्याच रुंदीचं आहे का? तसं असेल तर बाटली जाड असो वा बारीक, एक सेंटिमीटर पाऊस एक सेंटिमीटरच दिसतो. वरती मोठं नरसाळं लावलं की पाऊस फुगतो. ‘जास्त पाणी जमावं’ म्हणून कुणीतरी तेलाचं मोठं नरसाळं लावून देतं. ते काढा.

४. पहिला दिवस: बाटली न दाखवता प्रश्न

बाटल्या कपाटात ठेवा. मुलांना विचारा, “काल रात्री जास्त पाऊस पडला की परवा रात्री?”

वाद होईल. “काल, आमच्या पत्र्यावर केवढा आवाज होत होता.” “परवा, आमच्या वहाळाला पाणी आलेलं.” एकजण झोपला होता, म्हणून त्याच्या मते पाऊस पडलाच नाही. वाद मिटवू नका. विचारा, “मग खरं कुणाचं, हे कळायचं कसं?”

कुणीतरी म्हणेल, बादली ठेवूया. हाच क्षण हवा आहे. वर्गात आणि पोषण आहाराच्या खोलीत जे मिळेल ते गोळा करू द्या: बादली, टोप, ताट, तांब्या, डबा, करवंटी. संध्याकाळी घरी जाताना सगळं अंगणात मांडायचं. कुठे ठेवायचं तेही मुलंच ठरवतील. एखादं भांडं पागोळ्यांखाली आणि एखादं आंब्याखाली जाईल. जाऊ द्या.

इथे चूक होते ती अशी: ‘ताट नको, ते उथळ आहे’ असं आपण बोलून जातो. तोंड मिटून ठेवणं ही या दिवसाची सगळ्यात अवघड पायरी आहे.

५. दुसरा दिवस: भांड्यांचा गोंधळ

सकाळी प्रत्येक भांड्यात हीर उभा बुडवायचा, पाणी जिथवर पोचलं तिथे नखाने मोडायचा आणि तुकडे फरशीवर शेजारी शेजारी मांडायचे. ‘पाऊस एकच, मग तुकडे वेगवेगळे का?’ एवढाच प्रश्न विचारा.

शिक्षकासाठी उत्तरं: बादली वर रुंद आणि खाली निमुळती, म्हणून तुकडा लांब. तांब्याचं तोंड अरुंद आणि पोट मोठं, म्हणून तुकडा आखूड. सरळ भिंतीचे दोन डबे असतील, एक मोठा आणि एक छोटा, तर त्यांचे तुकडे जवळपास सारखे निघतात. मोठ्या डब्यात पाणी ‘जास्त’ असूनही! मुलं हा तुकडा पुन्हा पुन्हा बुडवून बघतात. बघू द्या. हे दोन डबे आदल्या दिवशीच मुद्दाम त्या गोळा केलेल्या भांड्यांत घुसवून ठेवा. पागोळ्यांखालच्या भांड्याचा निवाडा मुलं स्वतःच करतात, ते मला वेगळं सांगायला नको.

शेवटी मुलांकडून दोन नियम निघाले पाहिजेत: सगळ्यांची भांडी एकसारखी हवीत आणि ती उघड्यावर हवीत. त्यांच्याच शब्दांत ते फळ्यावर लिहा. मग कपाट उघडा.

सावधान: भांडी त्याच दिवशी पालथी घाला. साचलेल्या पाण्यात डास अंडी घालतात. करवंटी तर हमखास विसरते.

६. जागा निवडणं

मुलांना सोबत न्या, पण तुमच्या मनात हे नियम असू द्या.

जवळचं झाड, भिंत किंवा छप्पर जेवढं उंच, त्याच्या दुप्पट अंतरावर बाटली ठेवावी. छप्पर तीन मीटर उंच असेल तर सहा मीटर दूर, म्हणजे मोठ्या माणसाची आठ-नऊ पावलं. माडाच्या बाबतीत हा नियम पाळायला अंगण पुरत नाही, तेव्हा निदान झावळ्यांच्या घेराबाहेर राहा. झावळी पडली तर बाटलीच नव्हे, डोकंही फुटतं.

जमिनीवर ठेवू नका, उसळलेले थेंब आत जातात. एका चिऱ्यावर (जांभ्याच्या घडीव दगडावर) ठेवा, मागे खुंट ठोका आणि सुतळीने बांधा. खुंट बाटलीच्या तोंडापेक्षा खाली असू द्या.

सावधान: चिऱ्यांची रास करून तिच्या फटीत बाटली बसवू नका. पावसाळ्यात अशा फटींत विंचू आणि फुरसं बसतं. चिरा एकच ठेवा आणि रोज मुलांच्या आधी तुम्ही काठीने आजूबाजूला आपटून बघा. पायाला जखम असलेल्या मुलाला चिखलात उतरवू नका, कोकणात पावसाळ्यात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचा) धोका असतो. गडगडाट सुरू असेल तर कुणीच बाहेर जायचं नाही. त्या दिवशी मोजणी उशिरा होईल, होऊ दे.

७. रोजची वीस मिनिटं

परिपाठ झाला की लगेच. वेळ रोज तीच ठेवा. हवामान खातं दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतं. आपली शाळा उशिरा भरते, म्हणून वर्तमानपत्रातला आकडा आणि आपली पट्टी तंतोतंत जुळणार नाही. जुळवायची गरजही नाही.

*आधी अंदाज.* बाटली बाहेरच असताना प्रत्येक मुलाने दोन बोटांत अंतर धरून दाखवायचं, “इतका पडला असेल.” मग कालच्या पट्टीकडे बघून सांगायचं, तिच्यापेक्षा जास्त की कमी. ही पायरी लोक घाईत गाळतात आणि मग प्रकल्प मेला म्हणून समजा. अंदाज न करता बाटली बघितली तर मूल नुसतं बघतं. अंदाज केला असेल तर ते पैज लावल्यासारखं धावत येतं. अंदाज चुकला म्हणून हसणाऱ्याला मात्र तिथेच थांबवा, नाहीतर तिसऱ्या दिवसापासून सगळे वर्गातल्या हुशार मुलाची बोटं बघून आपली बोटं धरतील.

*मग मोजणी.* बाटली उचलून व्हरांड्यात सपाट फरशीवर आणा. नरसाळं काढा. मोजणाऱ्याने उकिडवं बसून डोळे पाण्याच्या पातळीला आणायचे. उभं राहून वरून बघितलं तर आकडा चुकतो. हे सांगून पटत नाही, म्हणून एकदा दोघांना एकाच वेळी रेघ मारायला लावा, एकाला उभ्याने आणि एकाला बसून. कॅलेंडरच्या कागदाची पट्टी बाटलीला बाहेरून उभी टेकवायची, तिचं खालचं टोक शून्याच्या रेघेवर. पाण्याच्या पातळीला पेन्सिलीची खूण करायची आणि खुणेवर कापायचं. हातात आली ती पट्टी म्हणजे आजचा पाऊस. आकडा अजून नाही.

*मग ओतणं.* बाटली पूर्ण पालथी करून रिकामी करायची, नरसाळं लावायचं आणि परत चिऱ्यावर ठेवायचं.

पट्ट्या आधीच सारख्या रुंदीच्या कापून ठेवा. रुंदी वेगळी असली की मुलं रुंद पट्टीलाच ‘जास्त पाऊस’ म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही.

गटातल्या चौघांची कामं: एक मोजतो, एक कापतो, एक चिकटवतो, एक वर्गाला सांगतो. कामं रोज फिरली पाहिजेत. त्यासाठी चार कपड्यांचे चिमटे आणि एक पुठ्ठा पुरतो. फिरवली नाहीत तर दुसरीतला एकजण सगळं करतो आणि पहिलीतली मुलं त्याची छत्री धरतात. तिसरी सोबत असेल तर त्यांच्याकडे ‘कालपेक्षा किती जास्त’ हा वजाबाकीचा भाग द्या.

तपासणी: चारही गटांच्या पट्ट्या शेजारी ठेवा. बोटाच्या रुंदीपेक्षा कमी फरक असेल तर ठीक. एकच बाटली सतत वेगळी बोलत असेल तर क्रमाने बघा: बाटली तिरकी आहे का, नरसाळं कचऱ्याने तुंबलं आहे का, मुलांनी शून्याऐवजी बाटलीच्या बुडापासून पट्टी धरली आहे का. बहुतेक वेळा तिसरं असतं.

८. भिंतीवरचा आलेख

भिंतीवर मुलांच्या हाताला पोचेल अशा उंचीवर एक आडवी रेघ आखा. ती जमीन. प्रत्येक पट्टीचं खालचं टोक त्या रेघेवर टेकलं पाहिजे आणि खाली वार लिहिला पाहिजे. मुलं पट्टी वरून लोंबती चिकटवतात किंवा रेघेच्या बोटभर वर. अशी पट्टी लगेच काढू नका. दुसऱ्या दिवशी विचारा, “सोमवारची पट्टी मंगळवारच्या पट्टीपेक्षा खरंच उंच आहे का?” ती चूक मुलंच काढतील. ओल येणारी भिंत टाळा. आमच्याकडे अशी कोरडी भिंत एकच आहे, ती म्हणजे ऑफिसची.

आता अडचणीचे दिवस. खरी मजा इथेच आहे, आणि आलेख खोटे होतात तेही इथेच.

*रविवार.* सोमवारी बाटलीत दोन दिवसांचा पाऊस असतो. तो सोमवारच्या नावावर खपवू नका. वेगळ्या रंगाची पट्टी लावा आणि खाली ‘रवि-सोम’ असं लिहा. घर जवळ आहे म्हणून एखाद्या मुलाला रविवारी मोजायला पाठवू नका, वाटेत वहाळ असतो.

*सुट्टी जाहीर झालेला दिवस.* जिल्हाधिकाऱ्यांनी सुट्टी दिली म्हणजे पाऊस तसाच असणार. हवामान खात्याच्या वर्गवारीत २४ तासांत २०४.४ मिलिमीटरच्या वरचा पाऊस सर्वात वरच्या वर्गात जातो. म्हणजे वीस सेंटिमीटरहून जास्त, आपली बाटली ओसंडणार. बाटली भरून वाहिली असेल तर जेवढी पट्टी मिळते तेवढी लावा आणि तिच्या टोकाला वर जाणारा बाण काढा. ‘याच्याहून जास्त, किती ते माहीत नाही.’ अंदाजाने पट्टी लांबवू नका. शाळा चालू असताना पाणी नरसाळ्याच्या टोकाला लागलेलं दिसलं, तर मधल्या सुट्टीत एकदा मोजून बाटली रिकामी करा आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही पट्ट्या एकावर एक जोडा.

*कोरडा दिवस.* रेघेखाली वार लिहायचा आणि वरची जागा रिकामी सोडायची. मुलांना रिकामी जागा आवडत नाही, ती तिथे सूर्य काढतात. काढू द्या, पण तो रेघेपासून बराच वर असू द्या. नाहीतर पहिलीतलं कुणीतरी सूर्याची उंची पाऊस म्हणून वाचतं.

*सांडलेली बाटली.* हे होणारच. प्रश्नचिन्ह लावा आणि पुढे चला. सांडणाऱ्या मुलाला त्या दिवशी चिकटवायचं काम द्या.

९. बोलणं

पट्टी चिकटवल्यावर पाच मिनिटं. ‘कळलं ना सगळ्यांना?’ हा प्रश्न नाही, कारण त्याला ‘हो’ हे एकच उत्तर आहे. त्याऐवजी:

“या आठवड्यात सगळ्यात कमी पाऊस कधी पडला? कशावरून?”
“मंगळवार आणि बुधवार मिळून गुरुवारएवढे होतात का?” (इथे हीर मोडून जोडता येतात.)
“काल तुझा अंदाज मोठा होता, आज लहान का धरलास?”

दिवसाला एक किंवा दोनच विचारा, सगळे नकोत.

मूल मालवणीत, संगमेश्वरीत किंवा आगरीत सांगेल. ते वाक्य तसंच लिहा. “आज पाऊस जास्त पडलो” हे वाक्य आधी जसंच्या तसं पुठ्ठ्यावर उतरवायचं आणि खाली पुस्तकातल्या भाषेत “आज पाऊस जास्त पडला.” दोन्ही वाचायचं. मध्येच थांबवून ‘पडला म्हण’ असं म्हटलं की पुढच्या दिवशी ते मूल बोलत नाही. पहिलीतल्या मुलांचं वाचन या पुठ्ठ्यांवर जितकं चाललं, तितकं माझ्या दुसऱ्या कुठल्याही तक्त्यावर चाललं नाही.

१०. तिसरा आठवडा: आता सेंटिमीटर

दोन आठवडे आकड्याविना गेले की एखादं मूल विचारतंच, “पण हा किती?” कुणी विचारलं नाही तर एक अडचण तयार करा: शेजारच्या शाळेला फोनवर आपला पाऊस कळवायचा आहे, पट्टी तर पाठवता येत नाही. मुलं म्हणतील “चार बोटं.” मग कुणाची बोटं? बाईंची की पहिलीतल्या मुलाची? आता मोजपट्टी काढा.

इथली ठरलेली चूक म्हणजे मोजपट्टीची कड. बहुतेक मोजपट्ट्यांवर कडेपासून शून्यापर्यंत थोडी जागा सुटलेली असते. मुलं कडेपासून मोजतात किंवा १ पासून सुरुवात करतात. ‘कागदाचं टोक शून्याच्या रेघेवर’ हे बाटलीवर शिकलेलं वाक्य इथे जसंच्या तसं वापरा. म्हणून तर शून्याची रेघ पहिल्या दिवसापासून हवी होती.

दुसरीतल्या मुलांना पूर्ण सेंटिमीटर पुरे. “पाच आणि सहाच्या मध्ये” हे उत्तर बरोबर धरा. मिलिमीटर तिसरीसाठी. एका सेंटिमीटरमध्ये दहा मिलिमीटर, हे कळलं की वर्तमानपत्रातल्या पावसाच्या आकड्याचं शेवटचं घर झाकून वाचता येतं: ६५ मिलिमीटर म्हणजे सहा सेंटिमीटर आणि थोडा वर.

एक गोष्ट जरूर करा. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. ९४ सेंटिमीटरची पट्टी कापा आणि जमिनीपासून भिंतीला लावा. पहिलीतलं मूल शेजारी उभं केलं तर ती त्याच्या खांद्याच्या आसपास येते. आकडा सांगून जे होत नाही ते इथे होतं, वर्ग एकदम गप्प होतो. मुंबईला काका-मामा असणारी मुलं घरी जाऊन विचारतात आणि दुसऱ्या दिवशी गोष्टी घेऊन येतात. त्या दिवसाचं टाचण बाजूला ठेवा.

तिसरी-चौथी सोबत असेल तर आणखी एक: एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. खडूने फरशीवर एक मीटर बाय एक मीटर चौकोन आखा, आजची पट्टी बघा आणि बादल्या मोजा. पहिली-दुसरीला हे नको, त्यांना बादल्या भरण्यातच रस असतो.

११. काय आलं ते तपासणं

लेखी चाचणी नको. मुलाला बाजूला बोलावून तीन कामं द्या, दोन मिनिटांची.

सुट्या पाच पट्ट्या लहानापासून मोठ्यापर्यंत लावायला सांगा. सगळ्यांची खालची टोकं एका रेघेत आणतो का, ते बघा. नुसत्या वरच्या टोकांवरून क्रम लावत असेल तर पायरी ८ पुन्हा करा.

एक अनोळखी काठी देऊन मोजपट्टीने मोजायला सांगा. हात शून्यावर जातो की कडेवर?

भिंतीवरच्या कुठल्याही तीन दिवसांबद्दल दोन वाक्यं बोलायला सांगा, घरच्या भाषेत.

नोंदवहीत शेरा नको, पाहिलेलं लिहा: ‘कडेपासून मोजलं, विचारल्यावर स्वतः सुधारलं.’ केंद्रप्रमुख आले की ते ‘उत्तम प्रगती’पेक्षा हीच ओळ वाचायला थांबतात. आणि ते येणार म्हणून आलेख नव्याने, सुबक, बाईंच्या हस्ताक्षरात करू नका. वाकड्या पट्ट्या, बाण, प्रश्नचिन्ह आणि सूर्य तसेच राहू द्या.

गणपतीच्या सुट्टीआधी बाटल्या काढा, आतलं शेवाळ खराट्याने घासा आणि उलट्या वाळवून माळ्यावर ठेवा. सिमेंट तडकलं नसेल तर त्या पुढच्या वर्षी चालतात. पट्ट्या भिंतीवरून सोडवून क्रमाने दोऱ्यात ओवा आणि वर महिना-वर्षाची चिठ्ठी लावा. पुढच्या जुलैत आताची पहिली दुसरीत आलेली असेल. पहिल्या दिवशी ती माळ त्यांच्यासमोर ठेवा आणि विचारा, “यंदा जास्त पडला की गेल्या वर्षी?”